लूरच्या मागचं पाणी

मे महिन्यात भुसावळकडे भर दिवसा काठावर उभं राहून गळ टाकणं ही हौस नाही, शिक्षा आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तापीकाठचा खडक तव्यासारखा तापतो आणि मासा खोलात जाऊन बसतो. खानदेशाला तसं रात्रीचं वावडं नाही. शेताची लाइट रात्रीची असली की केळीला पाणी भरायला माणसं बॅटरी घेऊन निघतातच. रातकिडे, ओल्या मातीचा वास, लांबवर चाललेल्या मोटारीची घरघर हे सगळं इथल्या कानांच्या ओळखीचं. त्याच अंधारात थोडं पुढे, हतनूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा वाघूरच्या काठाला, दिवसभर दडून बसलेला शिवडा, लांब मिशांचा मोठा मासा, उथळाकडे सरकतो. गळ म्हणा, अहिराणीत गय म्हणा, तो टाकायची वेळ हीच.

अडचण सुरू होते ती लूरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा उघडल्यावर. चंदेरी पोटाचे मिनो, लाल डोळ्यांचे क्रँकबेट, आरशासारखा स्पून, इंद्रधनुषी खवलं काढलेले जर्कबेट. दुकानातल्या उजेडात हे दागिने विकत घेताना कुणालाच रात्र आठवत नाही. माशाच्या डोळ्यातही आपल्यासारख्याच दोन प्रकारच्या पेशी असतात: रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार. अंधार दाटला की पहिल्यांचं काम थांबतं, आणि दुसऱ्यांना उजळ आणि काळं यापलीकडे फारसं काही कळत नाही. त्यामुळे ‘रात्री कोणता रंग चालतो?’ हा जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो, तो शेवटी विचारायचा आहे. आधी विचारायचं ते हे, की लूर पुढे गेल्यावर त्याच्या मागे पाणी कसं राहतं?

यामागे नुसता अनुभव नाही. २००१ साली वेल्स या युरोपातल्या मोठ्या मिशीवाल्या माशावरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. पूर्ण अंधारात त्याच्यासमोर गप्पी मासे सोडले होते. वेल्स पुष्कळदा त्यांच्यावर समोरून चालून गेला नाही. पोहणाऱ्या गप्पीच्या शेपटीमागे पाण्यात जे बारीक भोवरे उरतात, त्यांची काही सेकंद जुनी झालेली वाट पकडून तो मागून आला. वेल्स आणि आपला शिवडा एकाच कुळातले. दोघांचे डोळे अंगाच्या मानाने बारीक, तोंड अवाढव्य, मिशा लांब. माशाच्या कुशीवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्याची हलकी ढकल जाणते. शिवाय मिशीवाल्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कानही तिखट. म्हणजे अंधारात शिवडा आधी ऐकतो, मग वाट हुंगत आल्यासारखा माग काढतो आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरावर, जमलं तर, बघतो.

हे एकदा पटलं की निम्मा डबा घरी ठेवता येतो. दिवसा ज्या युक्तीने मासा फसतो, म्हणजे लूर ओढणं, मध्येच थांबवणं, पुन्हा झटका देणं, तीच युक्ती रात्री अंगाशी येते. लूर थांबला की वाट तुटते. मागावर असलेला मासा तुटलेल्या टोकाशी येऊन गोंधळतो, किंवा लूर जिथे नाही तिथे तोंड मारतो. काठावर आपल्याला ऐकू येतो तो नुसता ‘छपाक’. रात्रीचा चांगला लूर तो, जो अगदी सावकाश ओढला तरी जोरात पाणी हलवतो आणि एका चालीने सरळ चालतो.

मासा कोणता, हेही आधीच ठरलेलं बरं. रात्री लूरवर खात्रीने येणारा मासा म्हणजे शिवडा. शिंगाळा तळाशी वावरतो आणि बहुतेक वेळा जिवंत किंवा वासाच्या आमिषाला लागतो. तळालगत हळू नेलेला रबरी मासा मात्र तोही उचलतो. मरळ ही खरं तर दिवसाची. तिची वेळ दिवेलागणीनंतरचा तासभर आणि पहाटेचं तांबडं फुटायच्या आधीचा तासभर. मधल्या काळोखात ती गवतात पडून राहते. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी रात्रभर लूर फेकत राहणारा माणूस फक्त व्यायाम करतो. त्यांना पिठाचा गोळाच लागतो.

आता मुख्य हत्यार. रात्रीसाठी एकच लूर न्यायचा म्हटलं तर तो स्पिनरबेट, म्हणजे तारेवर पत्र्याचं फिरतं पातं असलेला लूर, आणि तोही एका पात्याचा. दुकानात बहुतेक स्पिनरबेट दोन पात्यांचे मिळतात: पुढे लहान, मागे विलोच्या पानासारखं लांबट. हे लांबट पातं अक्षाला चिकटून वेगात फिरतं, चमक भरपूर देतं आणि पाणी कमी हलवतं. ते दिवसाचं. रात्री हवं ते गोल, खोलगट पातं, ज्याला कोलोरॅडो म्हणतात. ते अंग पसरून, रुंद घेर घेत फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला पाण्याला एक ठोका देतं. १८ ते २१ ग्रॅमचं डोकं आणि त्यावर ५ किंवा ६ नंबरचं एकच गोल पातं, हे जलाशयाच्या एक-दोन मीटर पाण्याला जमणारं माप. पातं याहून मोठं घेतलं तर ठोका वाढतो, पण ते लूरला वर उचलतं. मग लूर खाली ठेवायला डोकंही जड करावं लागतं. दोन पाती असलेला जुना स्पिनरबेट टाकून द्यायचं कारण नाही. पुढचं पातं काढून टाका, मागच्या लांबट पात्याच्या जागी गोल बसवा, रिंग घट्ट आहे ना बघा. दोन मिनिटांचं काम.

इथे एक बारीक गोष्ट सगळ्यात जास्त फेका वाया घालवते. पातं ज्या भिंगरीवर, म्हणजे स्विव्हलवर फिरतं, ती स्वस्त लूरमध्ये साधी असते. वेगाने ओढलं तर ती फिरते. रात्रीच्या चालीला अडते. पातं नुसतं लटकत मागे येतं आणि अंधारात ते दिसतही नाही. म्हणून भिंगरी छर्ऱ्यांची, बॉल बेअरिंगची घ्यावी. तपासायची रीत सोपी आहे: लूर हातात धरून पात्यावर तोंडाने हलकी फुंकर घाला. फिरलं तर घ्या, थरथरलं आणि थांबलं तर बदला. तापीचा गाळ भिंगरीत बसतो, त्यामुळे मागच्या वेळी फिरलेलं पातं या वेळी अडू शकतं. फुंकर प्रत्येक वेळी घालायची.

आणि चाल? गिअर ५.२:१ च्या आसपासचं रीळ हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७० सेंटिमीटर लाइन गुंडाळतं. दोन सेकंदांना एक फेरा, म्हणजे सेकंदाला ३५ सेंटिमीटर. २५ मीटरची फेक या चालीने परत यायला सव्वा मिनिट लागतो. दिवसाच्या सवयीचा हात तीच फेक अर्ध्या मिनिटात संपवतो. अंधारात तर हात आणखी पळतो, कारण काहीच दिसत नसलं की काहीतरी करावंसं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे मनात अंक मोजणं. खोली कळायलाही अंकच कामी येतात. पहिल्या फेकीत लूर पाण्यात पडल्यापासून लाइन सैल पडेपर्यंत मोजायचं. दहा आले, तर पुढच्या फेकीत सातला ओढायला सुरुवात करायची. लूर तळाच्या जरा वरून येतो आणि बुडालेल्या बाभळीच्या खुंटात कमी अडकतो.

गोल पात्याचा आणखी एक फायदा असा, की तो आपल्यालाही अंधारात डोळे देतो. पातं फिरत असेल तर काठीत बारीक ‘थड-थड-थड’ सतत जाणवतं. तर्जनी काठीच्या अंगाला टेकवून ठेवली की ही नाडी हाताला लागते. शिवड्याचा घास पुष्कळदा धक्क्यासारखा येतच नाही. तो मागून येतो, लूर तोंडात घेतो आणि तसाच पुढे पोहत राहतो. तेव्हा काठीला कळतं ते एवढंच, की नाडी थांबली. ज्याला हे थांबणं ओळखू येतं त्याला रात्रीची गळाची मासेमारी जमली. नाडी जड आणि मऊ झाली तर पात्यात शेवाळ आलंय. एकदम कोरडी तुटली तर मासा.

पाण्याच्या वर चालणारे लूर हा दुसरा वर्ग, आणि आनंदाच्या हिशेबाने पहिला. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या अखेरीस जिटरबग नावाचा एक लूर निघाला. तोंडाला आडवी, रुंद, पत्र्याची ओठाळी; ओढला की डावीकडे-उजवीकडे डोलत ‘बुडुक-बुडुक’ करत येतो. त्याच्या काळ्या रंगातल्या आवृत्तीवर रात्रीचे गळवाले आजही जीव टाकतात, त्याचं कारण त्याच्या रूपात नाही, तालात आहे. ताल एकसारखा असतो, म्हणून मासा पुढचा ठोका कुठे पडणार याचा अंदाज बांधू शकतो. शेपटाला पंखा असलेले प्रॉपबेट आणि पृष्ठभागावर इंग्रजी व्ही सारखी लाट सोडत येणारे वेकबेट याच घराण्यातले. १० ते १२ सेंटिमीटर लांबी पुरे. याउलट डावी-उजवी नागमोडी चाल घेणारे पेन्सिलसारखे लूर रात्री टाळावेत. मासा येतो, पण त्याचा नेम चुकतो. पॉपरचंही तेच. ‘पॉप’ करून थांबणं हा त्याचा स्वभाव, आणि थांबणंच इथे नको.

वरच्या लूरची कसोटी माशाची नाही, माणसाची असते. अंधारात पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप झटका देतो आणि लूर माशाच्या तोंडातून, किंवा तोंडाशेजारून, उडून आपल्याच दिशेने येतो. तीन-तीन टोकांचे दोन गळ घेऊन. आवाजावर झटका मारायचा नाही. ओढत राहायचं, काठीला वजन लागलं की मगच. मरळीसाठी गवतावर, जलपर्णीवर रबरी बेडूक ओढतानाही हाच नियम, उलट एक अंक जास्त मोजायचा. बेडूक पोकळ असतो, तो तोंडात दाबला गेल्याशिवाय त्याचे गळ उघडे पडत नाहीत.

तिसरा लूर रबरी मासा, चपट्या शेपटीचा, १० ते १२ सेंटिमीटर, १० ते १४ ग्रॅमच्या जिग हेडवर, म्हणजे वजनदार डोकं असलेल्या गळावर. शेपटी जितकी जाड आणि रुंद तितका ठोका मोठा. खुंट आणि दगड जास्त असतील तिथे उघड्या जिग हेडऐवजी ५/० चा वाकडा ऑफसेट गळ वापरून टोक रबरात लपवावं. या लूरला दोन दुखणी असतात. पाकिटात दुमडून राहिलेली शेपटी वाकडी होते आणि मग लूर गोल-गोल फिरत लाइनला पीळ घालतो. नुकतंच उकळलेलं पाणी कपात घेऊन शेपटी दहा-पंधरा सेकंद बुडवा, सरळ करा, लगेच थंड पाण्यात टाका. दुसरं दुखणं आपल्या उन्हाचं. गाडी उन्हात उभी ठेवून रबरी लूर डिकीत विसरले की ते मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. टणक लूरच्या डब्यात ठेवले तर त्यांचा रंग आणि प्लास्टिकही विरघळवतात. रबर रबराच्या पाकिटात, टणक टणकाच्या डब्यात. आणि डासांचं डीट असलेलं मलम लावलेल्या हाताने दोन्हीला हात लावायचा नाही. डीट प्लास्टिक खातं, आणि त्याचा वास शिवड्याच्या मिशांना कळतो तो वेगळाच.

रॅटल, म्हणजे पोटात छर्रे असलेले बुडते लूर, यांच्याबद्दल मत जरा कडूच आहे. पावसाळ्यानंतर तापीचं पाणी गढूळ असताना त्यांचा खुळखुळाट कामाचा. पण उन्हाळ्यात वारा पडलेल्या रात्री, निवळलेल्या लहान तलावावर, तो देवळात थाळी पडल्यासारखा वाजतो. पहिल्या चार फेकांत काही झालं तर झालं, नंतर त्या तुकड्यावर मासा तोंड उघडत नाही. पाणी किती गढूळ आहे हे उजेड असताना मोजून ठेवावं. पांढरी ताटली दोरीला बांधून बुडवायची. फूटभराच्या आत, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आधीच दिसेनाशी झाली तर मोठं पातं, मोठा आवाज. मीटरभर दिसत राहिली तर लहान पातं किंवा आवाज न करणारा वेकबेट. हतनूरला गाळ इतका साठलेला आहे, की तिथे ताटली बुडवणं म्हणजे उपचारच. उत्तर बहुधा ठरलेलं असतं.

आता तो रंग. शिवडा बहुतेक वेळा खालून वर बघतो. रात्रीचं आकाश कितीही काळं वाटलं तरी पाण्याच्या तुलनेत ते उजळच असतं, आणि उजळ पाटीवर सगळ्यात ठळक उठतं ते काळं. म्हणून काळा, नाहीतर गडद जांभळा. अर्धपारदर्शक, चकाकते रंग त्या पाटीवर विरघळून जातात. स्पिनरबेटचा झालरीसारखा स्कर्ट काळा, पातंही काळं रंगवलेलं मिळालं तर उत्तम. अंधारात चमकणाऱ्या हिरवट ग्लो रंगाची हौस पुष्कळांना असते. बॅटरीचा झोत पंधरा-वीस सेकंद मारून तो चेतवतात, तो काही मिनिटांत मंदावतो आणि गढूळ पाण्यात दोन हातांपलीकडे पोहोचत नाही. ग्लो लूरचा खरा उपयोग म्हणजे तो डब्यात लवकर सापडतो.

चंद्राचा हिशेब मात्र ठेवावा, आणि तो ठेवायला वेगळं ॲप लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट छापलेला असतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. म्हणजे संकष्टीला मावळतीपासून चंद्रोदयापर्यंत अडीच-तीन तासांची गडद फट मिळते, कृष्ण अष्टमीला ती मध्यरात्रीपर्यंत लांबते. या फटीत स्पिनरबेट. चंद्र वर आला की काठ उजळतो, छोटे मासे सावध होतात. तेव्हा पृष्ठभागावरचा काळा वेकबेट, आणि फेक चांदण्यात नव्हे, झाडांच्या किंवा दरडीच्या सावलीच्या कडेला. घरचे ताट वाढून चंद्राची वाट बघत असताना आपण तो उगवू नये अशी आशा धरून पाण्यात उभे असतो, हा विनोद संकष्टीलाच घडतो. त्या दिवशी मासा घरी न्यायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे सोडून देणंही सोपं जातं.

काठी-रिळाबद्दल थोडक्यात. सात फुटी मीडियम-हेवी काठी, ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, पुढे हातभर ४० पौंडी तंगूस किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर, कारण शिवड्याचे दात बारीक पण कानशीसारखे असतात. घासून-घासून लाइन तोडतात. रीळ स्पिनिंगचं घ्यावं. बेटकास्टर जातीच्या रिळाचा गुंता अंधारात सोडवण्यापेक्षा झोपलेलं बरं. गाठी घरी मारायच्या, लूर स्नॅपला, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कडीला, अडकवायचा. ब्रेडवर २५ मीटरला कायमच्या मार्करने ठळक पट्टा ओढून त्याच जागी बारीक दोऱ्याची सपाट गाठ बांधून ठेवली, की ती कडीतून जाताना बोटाला कळते आणि फेक किती गेली याचा अंदाज येतो.

गळांचा विषय इतका थोडक्यात उरकता येत नाही. टणक लूरवर सहसा तीन टोकांचे दोन ट्रेबल येतात. रात्री, हेडलॅम्पच्या टीचभर उजेडात, उसळणाऱ्या माशाच्या तोंडातला एक ट्रेबल काढताना दुसरा आपल्या तळव्यात शिरतो. हा अपघात दिवसापेक्षा रात्री कितीतरी सोपा. म्हणून पुढचा ट्रेबल काढावा, मागचा बदलून एकटोकी इनलाइन गळ लावावा, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. २ नंबरच्या ट्रेबलच्या जागी १/० चा एकटोकी गळ वजनाला साधारण बसतो. वजन फार घटलं तर लूर पाण्यात नाकावर उभा राहतो किंवा कुशीवर पडतो, म्हणून घरच्या टाकीत तरंगवून बघायचं. ओढून बघायला मात्र दिवसाचं पाणी हवं. लूर डावीकडे पळत असेल तर त्याचं नाक आपल्याकडे धरून लाइन बांधायची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवायची. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. केसभर म्हणजे केसभरच. वाकडा चालणारा लूर दिवसा डोळ्यांना खुपतो, रात्री तो दिसत नाही आणि वाटही वाकडी सोडतो.

जागा दिवसाउजेडी बघून ठेवल्याशिवाय यातलं काहीही उपयोगाचं नाही. नाला जलाशयाला मिळतो ते तोंड, पाण्यात शिरलेली खडकाची जीभ, जुन्या नदीपात्राची कड. फेकीचा नेम आकाशावर उमटणाऱ्या खुणेवर धरायचा: पलीकडचं ताडाचं झाड, टॉवरचा लाल दिवा. संध्याकाळी मच्छिमार जाळी लावतात आणि पहाटे उचलतात. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले, की त्यांच्या आरपार फेकायचं नाही. आपला लूर जातो तो जातो, पण फाटलेलं जाळं भोई-कोळ्याच्या पोटावर येतं. जलाशयाचा मासेमारीचा ठेका सहसा सहकारी संस्थेकडे असतो. तिथे विचारूनच बसावं. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खाली तर नाहीच. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसात वर पूर्णेला किंवा तापीला पाणी आलं, की ते रात्रीही उघडतात, आणि खालच्या पात्रातलं गुडघाभर पाणी गुडघाभर राहत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात. वरून वाळलेला, भेगाळलेला गाळ आत लोण्यासारखा असतो, आणि बुडीत गावांच्या जुन्या विहिरी त्याच गाळात असू शकतात. अनोळखी पट्ट्यात अंधारात उतरणं नको. काठाला शेतीपंपांच्या तारा लोंबत असतात, कार्बनची काठी वीज वाहून नेते. मागे हात टाकण्याआधी वर बघायचं. वळवाचं आभाळ गडगडू लागलं की त्याच कारणाने काठी खाली ठेवून दूर व्हायचं. घोणस आणि मण्यार रात्रीचेच, फुरसं खडकाळ काठाचं. पाऊल टाकण्याआधी उजेड, पायांत घोट्याच्या वरपर्यंत बूट. हा उजेड पायांपुरता. पाण्यावर झोत मारायचा नाही. डब्यात बघायला हेडलॅम्पचा लाल दिवा ठेवावा.

पहाटेबद्दल एक सावधगिरी. शेवाळ-वनस्पतींनी भरलेल्या तलावात झाडं रात्रभर प्राणवायू खर्च करतात, त्यामुळे तो सर्वांत कमी असतो तांबडं फुटायच्या आधी. उन्हाळ्यात तर मुळातच कमी: २० अंशांचं पाणी लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, ३० अंशांचं साडेसात. अशा तलावात त्या वेळी शिवडा सुस्त असतो. मरळीला मात्र फरक पडत नाही, ती वर येऊन हवाच गिळते. गवताच्या कडेने तिचा ‘गुळुक’ ऐकू येतो. तेव्हा स्पिनर उतरवून बेडूक बांधायचा. तिच्याभोवती तांबूस पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा दिसला तर नाही. आईबाप पिल्लं राखत असतात आणि ते गेले की गोळा तासाभरात इतरांच्या पोटात जातो. पाऊस सुरू होऊन मासे चढणीला लागले, की लूरही गुंडाळून ठेवायचे, ते थेट पावसाळा संपेपर्यंत. शिवडा आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. मोठा मिळाला तर त्याला पोटाखाली हाताचा आधार द्यायचा, लांब चोचीच्या पक्कडीने गळ सोडवायचा, आणि गरम पाण्याच्या दिवसांत त्याला दमवत न बसता पाण्यातल्या पाण्यातच मोकळं करायचं. तोंडात बोट घालायचं नाही. शिंगाळा असेल तर पाठीवरचा आणि छातीचे काटे आधी बघायचे, मग हात.

उजाडताना जाळी उचलायला होड्या निघतात. तोवर आपली लाइन पाण्याबाहेर असावी. लूर गोड्या पाण्यात विसळून, पात्याच्या भिंगरीतला गाळ जुन्या ब्रशने काढून, जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत पसरायचे आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच डब्यात भरायचे. डबा बंद करण्याआधी पात्यावर एक फुंकर.